७३ लिंका आणि टाकीवरची रेंज

स. न. गुरुजी,
मी भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवी वर्ग, आम्ही चौघं शिक्षक. माझ्याकडे पाचवी आणि सहावी, एकाच खोलीत, मिळून २४ मुलं. मागच्या शिक्षण परिषदेनंतर आमच्या ग्रुपवर ‘शिक्षकांसाठी उपयुक्त ७३ ऑनलाइन साधने’ अशी यादी आली. खाली ‘वापर करून अहवाल सादर करावा’ हेही आलं. वर्गात रेंज नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की दोन दांड्या येतात. गावाने लोकवर्गणीतून टीव्ही दिलाय, शाळेचा एक जुना लॅपटॉप आहे. आमच्यातला नवा शिक्षणसेवक सुरेख व्हिडिओ करतो आणि मुलं त्याच्याकडे पळतात. माझं वय ४७. आपण मागे पडलो असं वाटायला लागलंय. यातलं मी नेमकं काय घेऊ? आणि अहवालात काय लिहू?
— एक बाई

बाई,

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. हसू टाकीचं. राग त्या यादीचा, कारण ती मलाही तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आली होती आणि तिन्ही ठिकाणी खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग होती. उघडून कोणी बघितली असेल असं वाटत नाही. म्हणून मी एक रविवार घालवला. पंचविसाव्या लिंकपर्यंत पोचलो आणि दमलो. सहा उघडल्याच नाहीत. चार ठिकाणी दुसऱ्याच पानावर कार्डाचा नंबर मागितला. तीन म्हणजे एकच गोष्ट तीन नावांनी. उरलेल्यांतलं पुष्कळसं अशा वर्गासाठी बनवलेलं, जिथे प्रत्येक पोराच्या पुढ्यात टॅब आहे आणि भिंतीतून नेट वाहतंय. तो वर्ग तुमचा नाही, माझाही कधी नव्हता.

तर यादी वरून खाली वाचायचीच नाही. उलट बाजूने या. हजेरीच्या मागच्या कोऱ्या पानावर आठवडाभर लिहून ठेवा की मुलं कुठे अडली. ‘पाचवी: १/३ मोठा म्हणतात.’ ‘सहावी: आलेखाचं प्रमाण कळत नाही.’ ‘अमकी मोठ्याने वाचत नाही.’ अशा पाच-सहा ओळी होतील. मग त्यातल्या एकेका ओळीसाठी साधन शोधायचं. ज्याला ओळ नाही ते साधन कितीही चकचकीत असो, आपल्या कामाचं नाही. अशी चाळणी लावली तर ७३ मधली पाच-सात उरतात, आणि त्यांतली बहुतेक एकदा उतरवून घेतली की नेटाशिवाय चालतात. आता त्या पाच-सातांबद्दल बोलू.

पहिली ओळ तुमच्या वर्गात आहेच, न विचारता सांगतो. फळ्यावर १/२ आणि १/३ लिहा आणि विचारा, मोठा कोणता? निम्मी पाचवी १/३ साठी हात वर करील. तीन दोनापेक्षा मोठे, मग १/३ मोठा. मुलांचं काही चुकत नाही. चार वर्षं आपणच त्यांना आकडा मोठा तर संख्या मोठी असं शिकवलेलं असतं.

इथे ‘फेट’ कामाला येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने चालवलेला हा पडद्यावरच्या चालत्या प्रयोगांचा संग्रह आहे. कार्ल वायमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००२ साली सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं, आणि नोबेल मिळालेला माणूस शाळेच्या प्रयोगांकडे वळला याचं मला आजही कौतुक वाटतं. सगळं फुकट, जाहिरात नाही, नुसतं वापरायला खातंही काढावं लागत नाही. बरेच प्रयोग मराठीत आहेत. मुख्य म्हणजे प्रत्येक प्रयोगाच्या पानावर तो उतरवून घ्यायची सोय आहे. एक फाइल मिळते, ती लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये उघडते आणि नेट नसलं तरी चालते. पेनड्राइव्हवर न्या, लॅपटॉप टीव्हीला जोडा, झालं.

अपूर्णांकांच्या ओळखीचा प्रयोग घ्या. पडद्यावर एक केक किंवा वर्तुळ दिसतं, शेजारी अपूर्णांक, त्याच्या वर-खाली बाण. सुरुवातीला १/२ ठेवा. आता खालच्या आकड्याच्या बाणावर बोट ठेवा, पण दाबू नका. हाच धड्याचा प्राण आहे बाई, दाबू नका. आधी विचारा: ‘खाली २ चे ३ केले तर तुकडा मोठा होईल की बारीक?’ प्रत्येकाला वहीत एक शब्द लिहू द्या. लिहिल्याशिवाय दाबायचं नाही, कारण लिहिलेलं असलं की मूल मागाहून ‘मला माहीतच होतं’ म्हणू शकत नाही. मग दाबा. तुकडा बारीक होतो. वर्गात ‘आं?’ असा आवाज येतो. पुन्हा विचारा, ३ चे ४? पुन्हा लिहा, मग दाबा. चौथ्या खेपेला मागच्या बाकावरचं कुणीतरी बोलून जाईल, ‘बाई, वाटेकरी वाढले की वाटा कमी.’ ते वाक्य फळ्यावर त्याच्या नावासकट लिहा आणि टीव्ही बंद करा.

हो, बंद करा. सात-आठ मिनिटं झाली असतील. आता कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटा, घड्या घालून अर्धा, तिसरा, चौथा हिस्सा करू द्या. तीन सारखे भाग पाडताना जी झटापट होते ती पडद्यावर होत नाही, आणि ती व्हायला हवी. पडद्यावर केक नेहमीच बरोब्बर कापला जातो. घरी भाकरीचे तीन वाटे करताना भांडणं का होतात हे पट्टीवर कळतं.

याच संग्रहात विजेच्या मंडलांचा प्रयोग आहे. बॅटरीची दोन टोकं तारेने थेट जोडली की पडद्यावर बॅटरीला आग लागते. पोरं तेवढ्यासाठी तो दहा वेळा करतील. करू द्या, खऱ्या तारेला हात लावायच्या आधी केलेला बरा.

दुसरी गोष्ट पावसाची. तुम्ही जिथे आहात तिथे यावर धडा नाही केला तर कुठे करणार? राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) रोजच्या पावसाचे आकडे असतात, कोणालाही बघता येतात. जुलैतल्या एखाद्या आठवड्याचे तुमच्या मंडळाचे सात आकडे आणि त्याच दिवसांचे कमी पावसाच्या इंदापूरकडच्या एखाद्या मंडळाचे सात आकडे कागदावर उतरवून आणा. यासाठी रेंज दहा मिनिटं पुरते. सहावीच्या गणितात स्तंभालेख आहेच. दोन्हीचे स्तंभ एकाच कागदावर काढायला सांगा, पण प्रमाण तुम्ही देऊ नका. काही मुलं १ सेंटिमीटरला ५ मिलिमीटर धरतील आणि तुमच्या मंडळाचा स्तंभ कागद फोडून वर जाईल. काही १ सेंटिमीटरला ५० धरतील आणि इंदापूरचा स्तंभ दिसणारच नाही. मग आपसूक वाद सुरू होतो, किती धरायचं? प्रमाण कशासाठी असतं हे मी वीस वर्षं फळ्यावर समजावून सांगत होतो. मुलांना ते त्या वादात कळलं.

आणि नुसते सरकारी आकडे घेऊ नका, स्वतःचं पर्जन्यमापक करा. अंगाला खाचा नसलेली सरळ उभी प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून तोंडावर बसवा. बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून आत थोडे खडे आणि पाणी घालून बाटली सरळ होते तिथवर पातळी आणा. ती शून्याची रेघ. तिथून वर मोजपट्टी चिकटवा. बाटली रुंद असो की अरुंद, अंग सरळ असलं आणि तोंड तेवढंच असलं की आतली पातळी जितके मिलिमीटर चढेल तितका पाऊस. हे का, ते सहावीला विचारा आणि दोन दिवस उत्तर सांगू नका. बाटली मोकळ्यावर ठेवायची, पागोळ्यांखाली नाही. हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ असा दिवस धरतं, म्हणून शाळेला लागून घर असलेल्या दोन मुलांवर साडेआठच्या वाचनाची जबाबदारी टाका. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर.

तुमचा आकडा आणि महारेनचा आकडा जुळणार नाही. मुलं येऊन सांगतील, ‘बाई, आपलं चुकलं.’ चुकलं असेलही. पण मंडळाचं मापक दुसऱ्या गावात आहे, मध्ये डोंगर आहे, आणि घाटाच्या तोंडाला चार-पाच किलोमीटरवर पाऊस बदलतो हे तुमच्या मुलांच्या आजोबांना विचारलं तरी ते सांगतील. मग विचारा, कुणाचा खरा? दोन्ही खरे असू शकतात ही गोष्ट पाचवी-सहावीत समजली तर पुढे पुष्कळ उपयोगी पडते.

धरणाचंही असंच. लॅपटॉपवर ‘गुगल अर्थ’ची संगणकावरची आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात जुन्या वर्षांची उपग्रह-चित्रं मागे-पुढे सरकवून बघता येतात. भोरला नेट असेल तिथे बसून तुमच्या गावावरची दोन-तीन चित्रं जतन करून आणा, एक पाणी भरलेलं, एक उन्हाळ्यातलं. पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं हे मुलांना ठाऊक असतंच. वरून बघितलं की पाणी कुठून कुठवर मागे सरतं ते दिसतं. नकाशा म्हणजे पुस्तकातलं चित्र, ही समजूत आपली शाळा वरून बघताक्षणी मोडते. पहिली दहा मिनिटं कुणी भूगोल शिकणार नाही हे धरून चला. सगळे आपापलं घर शोधतील.

आता वाचन. ‘स्टोरीवीव्हर’ हे प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेलं गोष्टींचं भांडार आहे. मराठी गोष्टी भरपूर, चित्रांसकट, चार पातळ्यांत लावलेल्या. गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखकाचं, चित्रकाराचं आणि प्रकाशकाचं नाव ठेवून तुम्ही त्या छापू शकता, वाटू शकता, बदलूही शकता. चोरी होत नाही. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात जे चालतं ते बघता हे वेगळं सांगावं लागतं. एक सावधगिरी: तिथे कोणालाही गोष्ट चढवता येते, भाषांतरही करता येतं, त्यामुळे मराठी कधी छान तर कधी दगडासारखी. मोठ्याने एकदा वाचून बघा. तुमचीच जीभ अडखळली तर ती गोष्ट मुलांना देऊ नका.

तुमची जी मुलगी मोठ्याने वाचत नाही (पत्रात नाही लिहिलंत, पण प्रत्येक वर्गात एक असते), तिला पातळी एकमधली अगदी थोड्या ओळींची गोष्ट छापून द्या आणि पहिलीच्या वर्गात वाचून दाखवायला पाठवा. सहावीतल्या मुलीला पहिलीचं पुस्तक दिलं की अपमान वाटतो. पहिलीच्या पोरांना गोष्ट सांगायचं काम दिलं की तेच पुस्तक ती घरी चार वेळा वाचते.

मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. मासिक १९७१ पासूनचं. जुन्या अंकांतली कोडी आणि चित्रं बघून माझाच वेळ जातो, म्हणून तिथे घड्याळ लावून बसतो. आणि तुमच्या स्वतःसाठी ‘बृहद्कोश’ उतरवता येत नसला तरी लक्षात ठेवा. मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंतचे मराठी शब्दकोश तिथे एकाच खिडकीत शोधता येतात. एखाद्या शब्दावर वर्गात अडलात तर ‘उद्या सांगते’ म्हणा आणि खरंच उद्या सांगा. बाईंनाही शोधावं लागतं हे मुलांनी बघितलेलं बरं.

सरकारच्या दीक्षा ॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, कारण प्रशिक्षणं करून करून त्याचा वीट आला असेल. तरी दोन शब्द. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर जो क्यूआर कोड असतो तो या ॲपने उघडतो, आणि उघडलेलं साहित्य फोनवर उतरवून नंतर नेटाशिवाय दाखवता येतं. पुस्तकाला कोड जोडायची ही कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या शाळेत आधी राबवली होती. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. साधन चांगलं आहे, पण आतल्या व्हिडिओंचा दर्जा एकसारखा नाही. काहींत धडाच पुन्हा वाचून दाखवलेला असतो. तो तुम्ही जास्त चांगला वाचता. दाखवायच्या आधी पूर्ण बघा. तो वेळ नसेल तर दाखवू नका.

विज्ञानाला अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. टाकाऊतून खेळणी, मराठी पुस्तकं, मराठीतले छोटे व्हिडिओ. टेल्कोतला हा अभियंता १९७८ साली वर्षभर सुट्टी घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि आगपेटीच्या काड्या अन् सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकार जोडायची युक्ती घेऊन आला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. काड्यांचा चौकोन करा, ढकला, तो तिरपा होतो. त्रिकोण करा, हलत नाही. मग मुलांना घराच्या छपराच्या कैच्यांकडे, म्हणजे त्रिकोणी आधारांकडे, बघायला सांगा. व्हिडिओ तुम्ही बघायचा, मुलांच्या हातात काड्या द्यायच्या. गुल उडालेल्या काड्या घ्या, हे सांगायला नको.

आणि मुलांना कळलं की नाही हे चटकन तपासायचं असेल तर ‘प्लिकर्स’ नावाची एक मजेदार गोष्ट यादीत दडलेली आहे. मुलांकडे काही नको, एकट्या तुमच्याकडे फोन हवा. प्रत्येक मुलाला काळ्या ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीचं एक कार्ड छापून द्यायचं, नेहमीच्या संचात ४० असतात. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून मूल कार्ड उंच धरतं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता. कुणाचं काय उत्तर ते फोनवर दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही उपयोग नाही. पण फुकटच्या खात्याला मर्यादा आहेत आणि याला नेट लागतं. म्हणजे तुमच्या वर्गात चालणार नाही.

पण त्यातली युक्ती चालेल. डोळे मिटायचे, पहिल्या पर्यायाला एक बोट, दुसऱ्याला दोन, असं चार बोटांपर्यंत, हात छातीशी धरून. तुम्ही समोरून नजर फिरवा. २४ मुलांना दहा सेकंद लागतात. निम्म्यांची बोटं चुकली तर पुढे जायचं नाही, एवढंच तर जाणून घ्यायचं होतं. यादीतून असंही घेता येतं, साधन तिथेच ठेवून कल्पना उचलायची.

तुमचा शिक्षणसेवक चॅटजीपीटी किंवा जेमिनायला विचारून प्रश्नपत्रिका काढत असेल, हल्ली सगळेच काढतात. काढायला हरकत नाही. शाब्दिक उदाहरणं हवी असली, तीच बेरीज बाजाराच्या, एसटीच्या, दूध डेअरीच्या गोष्टीत घालून हवी असली, तर वेळ वाचतो. पण एकदा मी अशाच एका चॅटबॉटकडून वाक्प्रचारांचा स्वाध्याय करून घेतला. ‘कणीक तिंबणे’ म्हणजे ‘पोळ्यांची तयारी करणे’ असा अर्थ ठामपणे आला. ज्यांची कणीक शाळेत तिंबली गेली आहे अशा आमच्या पिढीला हसू येईल, पण पाचवीतलं मूल ते तसंच पाठ करील. तेव्हा प्रश्न उसने घ्या, उत्तरं स्वतः काढा. मुलांची नावं, त्यांचे गुण, घरची परिस्थिती यातलं तिथे काहीही टाकायचं नाही.

मुलांचे फोटो आणि व्हिडिओ हाही तसाच विषय. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट आहे. कायदा राहू द्या बाजूला. फळ्यासमोर चुकणारं मूल यूट्यूबवर जन्मभर चुकत राहू नये, एवढं कारण मला पुरेसं आहे. वहीचा फोटो टाका, कागदी पट्ट्यांचा टाका, चेहरा नको.

त्या शिक्षणसेवकाचं म्हणाल, तर मुलं त्याच्याकडे पळतात कारण तो नवा आहे. आम्ही नवे होतो तेव्हा आमच्याकडेही पळायची. त्याला स्पर्धक समजू नका, लॅपटॉप टीव्हीला जोडायला बोलवा. ती वायर दर वेळी रुसते आणि त्याला ती मनवता येते. त्याच्या बदल्यात त्याला विचारा, तुझ्या वर्गात अडतंय कुठे? त्याच्याकडे उत्तर नसेल तर तुमच्या हजेरीमागचं पान दाखवा. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते पान लिहिता येतं, पंचविसाव्या वर्षी येत नाही. निदान मला येत नव्हतं.

राहिला अहवाल. यू-डायसवरची शाळेची माहिती, शालार्थवरची पगाराची बिलं, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी यांत निम्मा दिवस जातो आणि वर हा अहवाल. तुमचा वैताग समजतो. तरी खोटं लिहू नका. ‘७३ साधनांचा प्रभावी वापर केला’ असं तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने लिहिलं की पुढच्या महिन्यात १४६ ची यादी येते. सरळ लिहा: ‘या महिन्यात दोन साधने वापरली. फेटवरील अपूर्णांक, पाचवी, नेटाशिवाय. महारेनवरील पावसाचे आकडे, सहावी, स्तंभालेखासाठी. वर्गात नेटवर्क उपलब्ध नसल्याने इतर साधने तपासता आली नाहीत.’ सोबत मुलांनी काढलेल्या एका आलेखाचा फोटो जोडा, कागद फोडून वर गेलेला स्तंभ असेल तोच. शेवटचं वाक्य गाळू नका. शाळेत रेंज नाही हे वर कुठे तरी लेखी पोचायला हवं, आणि त्यासाठी यापेक्षा बरा कागद तुम्हाला मिळणार नाही.

आणि पावसात त्या टाकीवर चढू नका बाई. शेवाळ असतं. भोरला बाजाराला जाल तेव्हा पेनड्राइव्ह बरोबर ठेवा.